२००० डॉलरचा शॉर्टस्टॉप

इंजिनिअरिंगच्या हॉस्टेलवर ‘मनीबॉल’ मी किती वेळा पाहिला, सांगता येणार नाही. या हार्ड डिस्कवरून त्या हार्ड डिस्कवर फिरत आलेली कॉपी होती, सबटायटल्स दोन सेकंद मागे. बेसबॉलचे नियम आमच्यापैकी कुणालाच धड माहीत नव्हते आणि त्यावाचून काही अडतही नव्हतं. ओकलंड अ‍ॅथलेटिक्स नावाची पैसे नसलेली टीम, २००२चा सीझन, जनरल मॅनेजर बिली बीन म्हणजे ब्रॅड पिट, आणि त्याच्या शेजारी येलमधून अर्थशास्त्र शिकून आलेला एक बुजरा पोरगा. टेबलाभोवती म्हातारे स्काउट बसलेत आणि खेळाडूचा जबडा कसा आहे, त्याची मैत्रीण दिसायला कशी आहे, यावरून त्याची लायकी ठरवतायत. आम्ही खदाखदा हसायचो. मग तो पोरगा कॉम्प्युटर उघडतो, आकडे दाखवतो आणि सगळ्या म्हाताऱ्यांची दांडी गुल. आपल्यातलाच कुणीतरी जिंकतोय असं वाटायचं.

नोकरी लागल्यावर पहिल्याच आठवड्यात एका प्रेझेंटेशनमध्ये याच सिनेमाचा फोटो पुन्हा दिसला. खाली वाक्य होतं: जगाने कमी किंमत लावलेल्या गोष्टी शोधा. मी रँकिंगवर काम करते, म्हणजे हजारोंच्या यादीत कोण वर दिसेल आणि कोण कुणाला कधीच दिसणार नाही, हे ठरवणारा कोड लिहिते. त्यामुळे ते वाक्य मला अगदी घरचं वाटलं होतं.

मागच्या वर्षी एका रिकाम्या रविवारी सहज म्हणून २००२च्या सीझनचे खरे आकडे बघत होते. अमेरिकन लीगचा त्या वर्षीचा ‘मोस्ट व्हॅल्युएबल प्लेअर’ कोण, तर मिगेल तेहादा. टीम ओकलंड. मी थांबले. इतक्या वेळा पाहिलेल्या सिनेमात हा माणूस मला आठवेना. तेहादा शॉर्टस्टॉप होता, म्हणजे दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मधला फिल्डर. मैदानावरची सगळ्यांत अवघड जागांपैकी एक. ओकलंडने त्या वर्षी सलग २० सामने जिंकले, आणि सिनेमाचा सगळा क्लायमॅक्स विसाव्या सामन्यातल्या स्कॉट हॅटेबर्गच्या होम रनवर उभा आहे. पण अठरावा सामना शेवटच्या क्षणी होम रन मारून जिंकून दिला तो तेहादाने. दुसऱ्या दिवशी एकोणिसावा सामनाही त्याच्याच फटक्यावर संपला. सिनेमात तो दोन-चार क्षणांपुरता येतो, आणि ती भूमिका केलीय रॉइस क्लेटनने. हा स्वतः माजी मेजर लीग शॉर्टस्टॉप, पण अमेरिकन.

बेसबॉलवाल्यांची ही तक्रार जुनी आहे. सिनेमाने टीमचे तीन भारी पिचर, हडसन, मल्डर आणि झीटो, यांनाही गाळलंय असं ते म्हणतात, आणि खरंच आहे. पण मला तेहादाचं गाळलं जाणं वेगळं वाटतं. मल्डर आणि झीटो ड्राफ्टच्या पहिल्याच फेरीत निवडले गेले होते. त्यांची किंमत सगळ्यांना माहीत होती आणि ती मोजली गेली होती. तेहादा डॉमिनिकन रिपब्लिकमधल्या बानी गावचा. त्याला ओकलंडने १९९३मध्ये करारबद्ध केलं ते २००० डॉलरला. ‘कमी किमतीत जास्त मोल’ हीच जर सिनेमाची गोष्ट असेल, तर तिचं सगळ्यांत मोठं उदाहरण त्यांच्या स्वतःच्या टीममध्ये उभं होतं, आणि सिनेमाने त्याच्याकडे पाठ केली.

का केली? कथेचा आटोपशीरपणा वगैरे कारणं असतीलच. पण मला वाटतं, तेहादा फ्रेममध्ये आला की ‘स्वस्त’ या शब्दाचा अर्थच बदलतो. हॅटेबर्ग स्वस्त मिळाला कारण बाकीच्या टीम्सना त्याची किंमत कळली नाही. तेहादा स्वस्त मिळाला कारण तो गरीब होता, त्याच्या बाजूने घासाघीस करायला कुणी नव्हतं आणि नियमांना त्यात काही वावगं दिसत नव्हतं. पहिल्यासाठी हुशारी लागते, दुसऱ्यासाठी लागत नाही. आणखी एक गंमत: तेहादाला करारबद्ध करणारा स्काउट होता हुआन मारिचाल, म्हणजे स्वतः हॉल ऑफ फेममध्ये असलेला डॉमिनिकन पिचर. कॉम्प्युटर नाही, एक्सेल नाही. एका जुन्या खेळाडूची नजर. ज्यांना आम्ही हसायचो, त्याच जातकुळीतली.

‘मनीबॉल’मध्ये करार होण्याचा एक प्रसंग आहे, तो आता मला जास्त अस्वस्थ करतो. तरुण बिली बीनच्या घरी स्काउट आलेत, आईवडील शेजारी बसलेत. एका बाजूला मेट्सचा करार, १९८०च्या ड्राफ्टमधली पहिली फेरी, १,२५,००० डॉलर. दुसऱ्या बाजूला स्टॅनफर्डची जागा. बिली पैसे घेतो, पुढे खेळाडू म्हणून फसतो, आणि हा त्याच्या आयुष्यातला न भरणारा घाव असल्यासारखं सिनेमा आपल्याला सांगतो. घाव खोटा नाही. पण हाच प्रसंग बानीतल्या एखाद्या घरात घडवून पाहा. तिथे कुठलं स्टॅनफर्ड ठेवणार?

ही व्यवस्था थोडक्यात सांगायला हवी, कारण आपल्याकडे आयपीएलचा लिलाव सगळ्यांना पाठ असतो, हे नसतं. अमेरिका, कॅनडा आणि पोर्तो रिको इथली मुलं ड्राफ्टमधून येतात, म्हणजे शाळा संपवून किंवा कॉलेजातून. बाकी जगातल्या मुलांना ड्राफ्ट नाही. सोळाव्या वर्षी कुठलीही टीम त्यांच्याशी करार करू शकते. पूर्वी हा बाजार दरवर्षी २ जुलैला उघडायचा, अलीकडे १५ जानेवारीला उघडतो. सगळ्या, म्हणजे ३०च्या ३०, टीम्सच्या अकॅडम्या डॉमिनिकन रिपब्लिकमध्ये आहेत. कागदावर वय १६ असलं तरी तोंडी सौदे तेराव्या-चौदाव्या वर्षीच होतात, हे तिथलं उघड गुपित आहे. मुलगा आणि टीम यांच्यामध्ये असतो ‘बुस्कोन’. स्पॅनिशमध्ये शोधणं या क्रियापदावरून आलेला शब्द. तो बारा-तेरा वर्षांच्या पोरांना हेरतो, खाऊ-पिऊ घालतो, राहायला जागा देतो, शिकवतो, आणि करार झाला की त्यातला वाटा घेतो, ३० टक्के किंवा त्याहूनही जास्त. वाचताना मला ऊसतोडीचा मुकादम आणि त्याची उचल आठवली. (तुलना तंतोतंत नाही. इथे पोराचा करार झाला नाही तर बुडीत बुस्कोनच्या खात्यावर जातं.)

या बाजाराच्या आत कॅमेरा नेणारी डॉक्युमेंटरी म्हणजे २०१२ची ‘बॉलप्लेअर: पेलोतेरो’. रॉस फिन्केल, ट्रेव्हर मार्टिन आणि जॉनथन पेली या तिघांनी केलेली. यात दोन मुलं आहेत, मिगेल आन्हेल सानो आणि जाँ कार्लोस बातिस्ता, आणि दोघंही २ जुलै २००९ची वाट बघतायत. मुलं धावतात, कुणीतरी स्टॉपवॉच दाबतो. मुलं बॅट फिरवतात, टोप्या घातलेली माणसं वहीत काहीतरी लिहितात. बातिस्ताचा बुस्कोन आस्तिन हाकोबो पोरं तयार करण्याबद्दल शेतकऱ्याने पिकाबद्दल बोलावं तसा बोलतो, आणि त्याला त्यात लाजण्यासारखं काही वाटत नाही. सिनेमाही त्याला खलनायक करत नाही. मला हे आवडलं. एवढ्या गरिबीत त्या पोराच्या पोटात अन्न घालणारा तोच एक माणूस आहे, हे दिसत राहतं.

सिनेमाचा खरा विषय हळूहळू उघडतो: वय. सानो त्या वर्षीचा सगळ्यांत चर्चेतला मुलगा, आणि म्हणूनच त्याच्या सोळा वर्षांवर कुणाचा विश्वास बसत नाही. लीगची चौकशी लागते. जन्माचे दाखले, डीएनए, हाडांच्या तपासण्या. २ जुलै येतो आणि जातो. बाकीच्या मुलांच्या घरी पार्ट्या चालू असताना सानोच्या घरातली माणसं गप्प बसलेली दिसतात. एका टीमचा स्काउट घरी येऊन बोलतो आणि घरचे ते गुपचूप रेकॉर्ड करतात, तो प्रसंग कुठल्याही थ्रिलरपेक्षा जास्त ताणलेला आहे. शेवटी मिनेसोटा ट्विन्स ३१.५ लाख डॉलरला करार करतात. संशयाने भाव पाडला का, हा प्रश्न सिनेमा विचारतो, आणि माझ्या मते थोडा घाईने ‘हो’कडे झुकतो. लीगला सिनेमा पटला नाही, त्यात चुका आहेत असं त्यांचं म्हणणं. ते बाजूला ठेवलं तरी एक गोष्ट उरते: सोळा वर्षांच्या मुलाला आपण सोळा वर्षांचे आहोत हे परक्या ऑफिसला पटवून द्यायचंय, आणि त्याच्याकडे त्यासाठी स्वतःच्या शरीराशिवाय काही नाही.

बातिस्ताची गोष्ट उलटी. तो खरोखरच खोटं बोललेला असतो, पकडला जातो, वर्षभराची बंदी येते.

इथे माझ्यातली इंजिनिअर थोडी बडबडणार आहे. टीम या मुलांचा आजचा खेळ विकत घेत नाही. तो किती वेगाने वाढेल ते विकत घेते. म्हणजे हा अपूर्णांक आहे. कौशल्य अंशात, वय छेदात. तेवढ्याच ताकदीने मारणारा मुलगा सोळाचा असेल तर लाखो डॉलर, अठराचा असेल तर त्याचा छोटासा तुकडा. अपूर्णांक मोठा करायचे दोन मार्ग: अंश वाढवा, त्यासाठी वर्षानुवर्षं घाम गाळा, किंवा छेद कमी करा, त्यासाठी एक कागद पुरतो. ज्या सूत्रात एक आकडा सहज बदलता येतो आणि त्यावरच सगळी किंमत ठरते, त्या सूत्रात तो आकडा बदलला जाणारच. हे त्या मुलांच्या चारित्र्याबद्दल काही सांगत नाही, सूत्राबद्दल सांगतं. एस्मेलिन गोन्झालेझ नावाच्या १६ वर्षांच्या मुलाला वॉशिंग्टन नॅशनल्सने २००६मध्ये १४ लाख डॉलर दिले. २००९मध्ये उघड झालं की त्याचं नाव कार्लोस आल्व्हारेझ आहे आणि तो चार वर्षांनी मोठा आहे. लोकांनी पोराला शिव्या घातल्या. सूत्र तसंच राहिलं.

आणि आपल्याला हे परकं वाटायला नको. माझ्या बाबांचा वाढदिवस १ जून आहे. त्यांच्या वर्गातल्या निम्म्या पोरांचा १ जून आहे. मास्तरांनी शाळेत नाव घालताना जी तारीख सोयीची वाटली ती लिहिली, आणि पुढे नोकरी, बढती, निवृत्ती सगळं त्या तारखेवर चाललं. बाबांचा खरा जन्म आजीच्या आठवणीत ‘त्या पावसाळ्यात’ एवढाच आहे. आता आपल्याकडेही सोळा वर्षांखालच्या क्रिकेटमध्ये मनगटाचा एक्स-रे काढून हाडांचं वय बघतात. ‘पेलोतेरो’ पाहताना मी बाबांना फोन करून विचारलं, तुमचं एक-दीड वर्ष इकडेतिकडे झालं असेल का? ते म्हणाले, झालं असेल, पण मला त्याचे कुणी पैसे दिले नाहीत.

तेहादाकडे परत येते, कारण हे सगळं त्याच्याच गोष्टीतही आहे. २००८मध्ये एका टीव्ही मुलाखतीत त्याच्यासमोर जन्माचा दाखला ठेवला गेला. करारावेळी तो १७ नाही, १९ वर्षांचा होता. दोन वर्षं लपवून मिळाले ते २००० डॉलर. लपवली नसती तर? बहुधा मारिचालने त्याच्याकडे बघितलंच नसतं, आणि २००२च्या त्या अठराव्या सामन्यात कुणी दुसराच बॅट घेऊन उभा असता.

यावर हमखास येणारं उत्तर मला माहीत आहे, कारण काही वर्षांपूर्वी मीच ते दिलं असतं. शेवटी मिळालेच ना पैसे? ओकलंड सोडल्यावर तेहादाला बाल्टिमोरने सहा वर्षांचे ७.२ कोटी डॉलर दिले. हुआन सोतोला २०१५मध्ये १५ लाख मिळाले आणि २०२४च्या डिसेंबरमध्ये मेट्सने त्याच्याशी ७६.५ कोटींचा करार केला. सानोही मेजर लीगमध्ये पोचला, २०१७मध्ये ऑल-स्टार झाला. खरं आहे. पण ही यादी वरून खाली लावलेली आहे, आणि मी पोटापाण्यासाठी याद्या लावते, म्हणून सांगते: पहिल्या पानावर जे दिसतात त्यांच्यावरून यादी चांगली आहे का ते कधीच कळत नाही. शेवटच्या पानावर जाऊन बघावं लागतं.

तिकडे जाण्याआधी ‘मिलियन डॉलर आर्म’बद्दल दोन शब्द, कारण आपल्या देशाचा या सगळ्याशी आलेला संबंध तोच. उत्तर प्रदेशातले रिंकू सिंग आणि दिनेश पटेल, दोघंही भाला फेकणारे, एका रिअ‍ॅलिटी शोमधून निवडले गेले आणि २००८च्या नोव्हेंबरमध्ये पिट्सबर्ग पायरेट्सने त्यांच्याशी करार केला. मेजर लीगपर्यंत दोघंही पोचले नाहीत. रिंकू पुढे कुस्तीच्या रिंगणात वीर महान झाला. डिस्नेचा २०१४चा सिनेमा गोड आहे, ए. आर. रहमानचं संगीत आहे, पितोबाश मजा आणतो. पण कॅमेरा पहिल्यापासून शेवटपर्यंत जॉन हॅमच्या, म्हणजे एजंटच्या, खांद्यावर बसलेला आहे. एवढी मोठी लोकसंख्या म्हणजे एवढे हात, त्यातला एखादा तरी वेगाने फेकेल, हा हिशोब सिनेमाला कल्पक वाटतो. मुलं घरापासून तुटतात, आजारी पडतात, आणि यातून कोण शिकतं? एजंट. तो चांगला माणूस होतो. मुलांना परत जावं लागलं असतं तर ती काय करणार होती, हा प्रश्न सिनेमाला पडतच नाही.

तो प्रश्न ज्याला पडतो तो सिनेमा म्हणजे ‘शुगर’. दिग्दर्शक अ‍ॅना बोडन आणि रायन फ्लेक, २००८. या निबंधातले बाकीचे सिनेमे नाही पाहिलेत तरी चालेल, हा चुकवू नका. मिगेल सांतोस, टोपणनाव शुगर, सान पेद्रो दे माकोरीसचा पिचर. ऊस आणि साखर कारखान्यांचं गाव, आणि तिथून निघालेल्या बेसबॉल खेळाडूंची तर मोजदाद नाही. भूमिका करणारा आल्खेनिस पेरेस सोतो नट नव्हता, तिथलाच बेसबॉल खेळणारा मुलगा होता; दिग्दर्शकांनी सुमारे ६०० मुलं बघून त्याला निवडला. म्हणजे सिनेमावाल्यांनीही स्काउटिंगच केलं. हे खुपतंही, आणि त्याच निवडीमुळे सिनेमा उभा राहतो. त्याच्या चेहऱ्यावर ‘मी मोठा होणार’ हा भाव अभिनयातून आलेला नाही.

अकॅडमीत मुलांना इंग्रजीचा वर्ग असतो. फ्लाय बॉल, होम रन, आय गॉट इट. सगळे एका सुरात घोकतात. मैदानावर लागेल तेवढीच भाषा. मग तो अमेरिकेत येतो, आणि जेवायला गेल्यावर दरवेळी फ्रेंच टोस्ट मागवतो, कारण मेन्यूतलं तेवढंच एक नाव त्याला म्हणता येतं. पुढे आयोवामध्ये एका हॉटेलात तो अंडी मागायचा प्रयत्न करतो. कशी हवीत, वेट्रेस विचारते. त्याला कळत नाही. ती आत जाते आणि प्लेटमध्ये वेगवेगळ्या प्रकारे केलेली अंडी आणून ठेवते, एकेकाचं नाव सांगते. पूर्ण सिनेमात त्याला हवं ते कुणी समोर ठेवून विचारलंय असा प्रसंग मला हाच आठवतो.

आयोवात तो एका म्हाताऱ्या शेतकरी जोडप्याकडे राहतो. माणसं चांगली आहेत. सिनेमा कुणालाच वाईट करत नाही. टीममध्ये ब्रॅड नावाचा मित्र आहे, अमेरिकन, मोठा बोनस मिळालेला आणि स्टॅनफर्डमध्ये शिकलेला. इथे मला बिली बीन आठवला. ब्रॅड अपयशी झाला तर त्याला परत जायला एक जग आहे. शुगरला परत जायला एक घर आहे, आणि त्या घराने त्याच्यावर सगळी आशा लावली आहे. दुखापत होते, वेग जातो, बाकावर बसावं लागतं, सान पेद्रोहून आणखी तरुण पोरं येताना दिसतात. आणि एक दिवस तो काही न सांगता बस पकडून न्यू यॉर्कला निघून जातो.

खेळाच्या सिनेमात या जागी प्रशिक्षक शोधायला येतो, भाषण होतं, नायक परततो. इथे कुणी येत नाही. तो भांडी घासतो, एका सुताराच्या दुकानात जागा मागून आईसाठी टेबल बनवायला घेतो. रंधा मारताना त्याचे हात कॅमेरा ज्या निवांतपणे दाखवतो, तसे ते पिचिंग करताना दाखवले नव्हते. पिचिंगच्या वेळी त्या हातांना भाव होता. कुणीतरी वेग मोजत होतं. ‘पेलोतेरो’ बाजार कसा चालतो ते दाखवतो; ‘शुगर’ त्या बाजाराच्या शेवटच्या पानावर जाऊन बसतो, घाई न करता.

सिनेमा थोडा जास्त सौम्य आहे, हेही म्हणायला हवं. बुस्कोनचा वाटा, खोटे दाखले, तोंडी सौदे यांना तो फारसा हात लावत नाही. व्हिसा संपलेल्या माणसाचं न्यू यॉर्क इतकं उबदार नसणार. पण रागावलेला सिनेमा करणं सोपं होतं, आणि मग मला वाटतं शुगर पुन्हा कशाचं तरी उदाहरण झाला असता.

शेवटी तो एका मैदानावर खेळायला जातो. रविवारचा खेळ, पैसे नाहीत, स्काउट नाहीत. तिथली माणसं कॅमेऱ्याकडे बघून एकेक करून आपली ओळख सांगतात: नाव, गाव, आणि कुठल्या टीमने आपल्याशी करार केला होता ते. सान पेद्रो, बानी, सांतो दोमिंगो. यांकीज, मेट्स, अमुक, तमुक. ज्या टीमने काढून टाकलं तिचं नावही ते आडनावासारखं सांगतात. मग शुगर पिचिंग करतो, कुणीतरी ओरडतं, तो हसतो. बाकावर येऊन बसतो आणि मैदानाकडे बघत राहतो, आणि ते हसू चेहऱ्यावरून हळूहळू उतरत जातं.